पोकळ कार्डं

"मी पाळते ती माशी चावत नाही, गुणगुणत नाही, आणि मेली तरी कुणाला कळत नाही," असं ती एकदा बहिणीच्या नवऱ्याला म्हणाली होती.

तेव्हा सगळे हसले होते. तीही हसली होती. तिला वाक्यं सहसा जमत नसत, ते जमून गेलं म्हणून हसली होती. दाजी म्हणाले होते, "म्हणजे आमच्या हिच्या अगदी उलट," आणि अक्काने त्यांच्या पाठीत चापट मारली होती. पुढे त्या वाक्याचा शेवटचा तुकडा तिच्या असा मागे लागला की भांडी घासताना, बसची वाट बघताना तो मनात यायचा आणि हातातलं काम थांबायचं.

तिला सगळे पाखरूबाई म्हणत. पूर्वी ती कपड्यांच्या कारखान्यात काजं करायची. दिवसभर शर्टाच्या पट्टीवर भोकं पाडायची आणि त्यांच्या कडा शिवायच्या. तिची नजर तिथेच तयार झाली. कारखाना बंद पडल्यावर ती इथे आली, टायरचं दुकान आणि बर्फाचा कारखाना यांच्या मधोमध असलेल्या एका बैठ्या इमारतीत. बाहेर पाटी होती, पण ती वाचून आत काय चालतं हे कुणालाच उमगत नसे. टायरवाल्याला बरीच वर्षं वाटत होतं की इथे औषधी गोळ्या होतात.

इथे माश्या तयार होत. पिकावरच्या किडीचा काटा काढणाऱ्या माश्या.

पतंगांच्या खोलीत लाकडी पेट्या होत्या आणि पेट्यांत भरडलेलं धान्य. धान्यात अळ्या वाढत, अळ्यांचे करडे पतंग होत. पाखरूबाई रोज सकाळी झाकणं उघडून ते पतंग काचेच्या नळीत धरायची आणि जाळीच्या डब्यांत सोडायची. रात्रीतून त्यांची अंडी जाळीखालच्या कागदावर पडत, खसखशीपेक्षा बारीक. ती चाळायची, ब्रशने झाडायची आणि डिंक लावलेल्या कार्डावर मीठ भुरभुरावं तशी पसरायची. मग कार्डं निळ्या दिव्याखाली. त्या उजेडात अंड्यातला पतंगाचा जीव संपतो, अंडं मात्र शाबूत राहतं. मग ती कार्डं माश्यांच्या पिशवीत. माशी म्हणजे कागदावरचा पूर्णविराम, त्याहून मोठी नाही. ती त्या परक्या अंड्यात आपलं अंडं घालते आणि काही दिवसांत पांढरं अंडं काळं पडतं. काळं पडलं की समजायचं, आत माशी वाढते आहे. असं कार्ड शेतात पानाखाली टाचलं की माश्या बाहेर पडतात, पिकावर किडीने घातलेली अंडी हुडकतात आणि त्यांचंही तेच करतात. अळी जन्माला येण्याआधीच संपते.

एकच गोष्ट लक्षात ठेवायची असते. माशी निघून गेली तरी अंडं काळंच राहतं. भरलेलं कार्ड आणि रिकामं कार्ड नुसत्या डोळ्यांना सारखंच दिसतं. भिंगाखाली धरलं तर रिकाम्या अंड्याला सुईच्या टोकाएवढं भोक दिसतं. म्हणून पाखरूबाईच्या गळ्यात कायम एक भिंग लटकलेलं असायचं. "आधी भोकं पाडून पोट भरलं, आता भोकं शोधून," ती म्हणायची.

काम तिला आवडत होतं. पतंगांना मात्र ती सोसत नव्हती, किंवा पतंग तिला. त्यांच्या पंखांची पूड त्या खोलीत दिवसभर तरंगत असते. तोंडाला फडकं बांधलं तरी ती आत जातेच. आधी नुसता खोकला होता, मग जिना चढताना धाप लागू लागली, मग छातीत बारीक शीळ वाजू लागली. दवाखान्यातल्या डॉक्टरने सांगितलं, काम बदला. तिने मान हलवली आणि येताना वाफ घ्यायचं छोटं मशीन विकत आणलं. हे सगळं चालवणाऱ्या मॅडमना सांगितलं नाही. मॅडमचा नियम होता की ज्याला दम्याची तक्रार आहे त्याने या इमारतीत काम करायचं नाही. नियम चांगलाच होता. आधीच्या बाईला त्यांनी त्याच नियमाने घरी पाठवलं होतं, नीट समजावून, दारापर्यंत सोडायला येऊन. पाखरूबाईला ते दार डोळ्यांसमोर यायचं.

मशीन जेवणाच्या डब्याच्या पिशवीत असायचं. दुपारी मॅडम फोनवर असताना ती पॅकिंगच्या खोलीत जायची. तिथे मोकळा असा एकही प्लग नव्हता. कार्डं ठेवायच्या फ्रिजचा प्लग काढायचा, मशीनचा घालायचा, भिंतीकडे तोंड करून वाफ घ्यायची, की पुन्हा फ्रिजचा घालायचा. थंडाव्यात माश्या अंड्यातच गुंगीत राहतात, बाहेर यायचं लांबवतात. एवढ्याशा वेळाने त्यांना काही होत नाही. रोजचं होतं ते. हात आपोआप करायचे.

लागून सुट्ट्या आल्या होत्या त्याच्या आदल्या दिवशी ती वाफ घेत होती, तोच फाटकाशी हॉर्न वाजला. हॉर्न म्हणजे भोंपू. हा इथला ड्रायव्हर. रिकाम्या अंगणातही दोनदा हॉर्न वाजवल्याशिवाय गाडी वळवायचा नाही म्हणून त्याचं नाव भोंपू पडलं होतं. "पाखरूबाई, येताय का सोडू तुम्हाला? का रात्रभर पोरांना अंगाई म्हणणार?" तो ओरडला. तिने मशीन गुंडाळलं, पिशवीत कोंबलं, दिवा मालवला आणि धावत बाहेर आली. गाडीत बसल्यावर धाप लागली होती ती लपवायला खिडकीबाहेर बघत राहिली.

सुट्ट्यांत ऊन कडक पडलं. ती घरी पडून होती, छाती मोकळी होती, बरं वाटत होतं. नवरा बेकरीतून आल्यावर म्हणाला, "तुझी शीळ बंद झाली. करमेना मला." फ्रिज तिच्या मनातही आला नाही.

परत आली तेव्हा पॅकिंगच्या खोलीत शिरताच तिला कळलं. फ्रिजची घरघर नव्हती. प्लग जमिनीवर पडला होता, तिने टाकला तिथेच.

तिने आधी प्लग लावला. मग दार उघडलं. आत कोमट, दमट वास. कार्डांच्या पाकिटांत तळाशी काळी पूड जमली होती, पेन्सिलीला टोक केल्यावर पडते तशी. ही पूड काय आहे हे सांगायला भिंग लागत नव्हतं. माश्या बाहेर आल्या होत्या, पाकिटातल्या पाकिटात फिरल्या होत्या, आणि तिथेच संपल्या होत्या. तिने पाकिटं एकेक करून कचऱ्याच्या डब्यावर आपटली. कार्डं बाहेर काढली. काळी, एकसारखी, छान दिसत होती.

त्याच सकाळी ती कार्डं शेतांवर जायची होती, अक्काच्याही.

अक्काच्या टोमॅटोला फळ धरलं होतं. दाजींची पद्धत म्हणजे पंप पाठीला लावायचा आणि दिसेल त्या हिरव्यावर फवारा मारायचा. तोडणी अक्का करायची, आणि तिच्या हातांना कोपरापर्यंत लाल चट्टे उठायचे. या वेळी अक्का हटून बसली होती. म्हणाली होती, माझी बहीण माश्या पाळते, तर आपण विष का खायचं? दाजी बरेच दिवस हो-नाही करत होते. मग पाखरूबाई स्वतः जाऊन बसली, तिने सगळं समजावलं, आणि त्याच दिवशी ते माशीचं वाक्य बोलून गेली. दाजी म्हणाले, "बरं. तुमच्या शब्दावर पंप ठेवतो खाली, मेहुणीबाई."

तिने भिंग डोळ्याला लावलं. कार्डाच्या कोपऱ्यात पहिलं अंडं, भोक. दुसरं, भोक. ती नजर सरकवत गेली. भोक, भोक, भोक. मग एक अंडं दिसलं, अखंड, गोल, काळंभोर, तुकतुकीत. तिने भिंग खाली सोडलं. म्हणजे काही उरलीत, असं ती स्वतःशी म्हणाली. पुढची अंडी तिने पाहिली नाहीत. पुढचं कार्डही पाहिलं नाही. नवी पाकिटं घेतली, कार्डं भरली, डब्यात बर्फाच्या पिशव्या रचल्या. फाटकाशी दोनदा हॉर्न वाजला.

हे सगळं मिळून चहा उकळायला लागतो तेवढ्या वेळात झालं. नंतर तिने ते इतक्या वेळा आठवलं की त्या एका अखंड अंड्याचं तिला तोंडच ओळखीचं झालं. ते दिसलंच नसतं तर? ती मॅडमकडे गेली असती, असं तिला वाटायचं. मग वाटायचं, नाही, ती दिसेपर्यंत शोधत राहिली असती.

इमारतीत एक रीत होती. प्रत्येक खेपेतल्या कार्डाचा एक तुकडा कापून काचेच्या नळीत घालायचा, नळीला कापसाचं बूच लावायचं, खेपेची चिठ्ठी चिकटवायची आणि मॅडमच्या टेबलावरच्या लाकडी घोडीत उभी करायची. शेतात कार्डाचं काय झालं ते दिसत नाही. नळीत दिसतं. नळीत माश्या निघाल्या म्हणजे खेप चांगली गेली. त्या सकाळीही तिने सवयीने तुकडा कापला, नळीत घातला आणि ठेवून दिला.

दोन-तीन दिवस ती टेबल पुसायच्या निमित्ताने नळीकडे बघत होती. शेजारच्या नळ्यांत ठिपके हलत होते. या नळीत काळा तुकडा नुसता पडून होता. मॅडम आठवड्याच्या शेवटी नळ्या तपासत. त्याच्या आदल्या दुपारी, मॅडम जेवणाचा डबा धुवायला गेल्या असताना, तिने त्या नळीतला तुकडा काढून खिशात टाकला आणि नव्या खेपेतला, फुटायला आलेला, एक तुकडा आत सरकवला. तिला फक्त रिकामी नळी कुणाला दिसू नये एवढंच हवं होतं. त्यातून पुढे काय होईल हे तिच्या डोक्यात शिरलंच नाही. दुसऱ्या दिवशी नळीत माश्या हलत होत्या. मॅडमनी पाहिलं, खूण केली, दुसरी नळी उचलली.

मग अक्काचा फोन आला. म्हणाली, जरा येऊन जा.

शेतावर ती पोचली तेव्हा अक्का सरीत उकिडवी बसली होती. हातात टोमॅटो, देठापाशी वाटोळं भोक. अक्काने तो अंगठ्याने फोडला. आत अळी होती, हिरवट, जाड, आपल्याच घाणीत निवांत वळलेली.

"हा पण," अक्का म्हणाली. दुसरा फोडला. "हा पण."

पाखरूबाई वाकून बघत राहिली.

"मला वाटतं मीच चुकले गं," अक्का म्हणाली. "तू सांगितलं होतंस पानाच्या खाली टाच. मी काही वर टाचली असतील. संध्याकाळ होती, दिसत नव्हतं नीट. ऊन लागलं असेल त्यांना."

"वर टाचली तरी चालतं," पाखरूबाई म्हणाली.

"चालतं?"

"म्हणजे, अगदीच नाही चालत. हवा पण चांगली नव्हती या वेळी."

"हवा," बांधावरून दाजी म्हणाले. त्यांनी पंप काढला होता आणि त्याची नळी फुंकून बघत होते. "तुमच्या माशीला आमचा पत्ता सापडला नाही वाटतं, मेहुणीबाई. विचारायचं ना कुणाला वाटेत."

आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

"दाजी, आता फवारून उपयोग नाही. अळी आत गेलीय, फवारा पोचत नाही तिथवर."

"माहीत आहे. पण हात बांधून बसवत नाही माणसाला." त्यांनी पंप भरला, आणि त्यांची कंबर धरली होती म्हणून तो अक्काने पाठीला लावला. तोंडावर ओढणी गुंडाळली, बाह्या मनगटापर्यंत ओढल्या आणि सरीच्या टोकापासून दांडा हलवत निघाली. हवेत तो गोड, घशात बसणारा वास पसरला. पाखरूबाईच्या छातीत शीळ वाजायला लागली. अक्का दुरूनच ओरडली, "तू लांब हो गं, तुला सोसत नाही." बहिणीला कधीच काही सांगितलं नव्हतं, तरी तिला माहीत होतं.

ती लांब झाली. बांधावर उभी राहून अक्काची पाठ बघत राहिली. आता बोलू, सरी संपली की बोलू, असं म्हणता म्हणता अक्का पाच-सहा सऱ्या फिरून आली. तिने पंप उतरवला, हात धुतले आणि चहा ठेवला. चहा पिऊन पाखरूबाई बसने परत गेली.

दाजींनी मॅडमना फोन केला. भांडले नाहीत. एवढंच म्हणाले की माल गेला, तुम्ही तुमचं तपासा. मॅडमनी सगळ्यात आधी नळी तपासली. माश्या निघाल्याची खूण होती. तेव्हा कार्डं इथून निघाली ती चांगली निघाली. शेतात अक्काने त्याच संध्याकाळी टाचली. राहिली काय, तर वाट. त्यांनी भोंपूला बोलावलं.

भोंपूने एका दमात कबूल केलं. त्या दिवशी शाळेतून फोन आला होता, लेकीला ताप चढला होता. तो वाटेत शाळेत वळला, तिला घेतलं, घरी सोडलं, आईच्या हवाली केलं. गाडी सावलीत लावली होती. सावली सरकली. परत आला तेव्हा डबा उन्हात होता. हात लावला तर गरम लागला. त्याने ते कुणाला सांगितलं नव्हतं.

मॅडमनी त्याला महिनाअखेरपर्यंतच कामावर यायला सांगितलं, पुढे नाही.

तो पॅकिंगच्या खोलीत आला तेव्हा पाखरूबाई कार्डं कापत होती. दारातच उभा राहिला. एरवी तो थेट आत येऊन टेबलावर बसायचा आणि तिच्या ओरडण्याची वाट बघायचा.

"पाखरूबाई, रागावलात?"

"कशाला?"

"तुमची पोरं मारली मी."

तिची कात्री थांबली.

"म्हणजे मुद्दाम नाही. पण मारली. तुम्ही एवढं डोळे फोडून करता, आणि मी उन्हात टाकून गेलो. खरं सांगू का, डबा गरम लागला तेव्हाच मनात आलं होतं. म्हटलं, झोपली असतील. ती काय ओरडून सांगतात थोडीच." तो हसला, मग हसू आवरलं. "तुमच्या बहिणीचंच शेत होतं ना? मला तर माहीतही नव्हतं. त्यांना माझ्याकडून सांगाल का? मी गेलो असतो, पण तुमचे दाजी हातात काठी घेऊनच भेटतील."

"ते तसे नाहीत."

"तरी तुम्हीच सांगा. तुमच्या तोंडून बरं वाटेल."

डब्यात बर्फाच्या पिशव्या होत्या. तेवढ्या उन्हाने आतलं काही मरत नाही, हे तिला ठाऊक होतं. फार तर आळसावलं असतं. आणि आत मरायला काही नव्हतंच. हे सगळं जिभेवर आलं होतं. ती म्हणाली, "लेकीचा ताप उतरला का?"

"केव्हाच. उंडारतेय गल्लीत." तो जायला वळला आणि पुन्हा थांबला. "एक चांगलं झालं. मॅडमनी आधी फ्रिज, मग तुम्ही, असं सगळ्यांना धरलं असतं. नळीत माश्या निघाल्या म्हणून तुमच्यावर बालंट आलं नाही. नाहीतर बिचाऱ्या तुम्ही."

तो गेल्यावर तिने कात्री खाली ठेवली. खिशात हात घातला. त्या नळीतून काढलेला तुकडा कधीच धुण्यात विरघळून गेला असणार, तरी बोटं कोपऱ्यात चाचपत राहिली. रिकामी नळी लपवताना तिला वाटलं होतं, आपण फक्त आपल्याला झाकतो आहोत. त्याच नळीने आता याचा गळा धरला होता. आणि हा येऊन तिची माफी मागून गेला होता, वर तिच्यासाठी हळहळून.

तिने काही दिवस तसेच काढले. घरी नवऱ्याने विचारलं, "तोंड का असं एवढंसं केलंयस?" ती म्हणाली, पूड. तिच्याकडे आता सगळ्याला पूड हे उत्तर होतं. ती मनाशी हिशेब मांडायची. भोंपू तरुण आहे, त्याला गाडी येते, गाडी कुठेही चालवता येते. आपल्याला काय येतं? पतंग धरता येतात. काजं करता येतात, ती आता मशीनवर होतात. आपल्याला या दारातून बाहेर काढलं तर दुसरं दार नाही. हिशेब बरोबर यायचा. सकाळी फाटकाशी दोनदा हॉर्न वाजला की तो पुसला जायचा आणि तिला तो पुन्हा पहिल्यापासून मांडावा लागायचा.

शेवटच्या आठवड्यात एका सकाळी ती पतंगांच्या खोलीत न जाता सरळ मॅडमच्या ऑफिसात गेली. ऑफिस चिंचोळं होतं. एक दार आत, पतंगांच्या खोलीकडे. दुसरं अंगणाकडे. खिडकीतून अंगण दिसत होतं. भोंपू गाडी धूत होता, दुसऱ्याच्या हाती द्यायची म्हणून जरा जास्तच घासून.

"मॅडम, त्या नळीतला तुकडा त्या खेपेचा नव्हता," ती म्हणाली.

मॅडमनी चष्मा वर केला. "कोणत्या नळीतला?"

तिने सांगितलं, पण शेवटाकडून मागे जात. आधी नळी, मग ते एक अखंड अंडं, मग पाकिटातली पूड, मग जमिनीवरचा प्लग, आणि सगळ्यात शेवटी मशीन. उसवताना दोरा जसा मागे मागे येतो तसं. मॅडमना दोनदा सांगावं लागत नसे. माश्यांतलं तिला जे कळत होतं ते सगळं त्यांनीच शिकवलेलं होतं.

"मशीन कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"डब्याच्या पिशवीत."

"कधीपासून?"

"गेल्या उन्हाळ्यापासून."

"आणि मी रोज तुमच्या शेजारी बसून जेवते." मॅडमनी कपाळाला हात लावला. "माझ्याच नियमाला घाबरलात तुम्ही. मी काय खाल्लं असतं तुम्हाला?" त्या उठल्या, आतलं दार लोटून घेतलं आणि पुन्हा बसल्या. "हे आणखी कुणाला सांगितलंत?"

"नाही. घरीही नाही."

"मग नका सांगू."

पाखरूबाईला वाटलं आपण नीट ऐकलं नाही.

"ऐका. त्याच खेपेतली कार्डं बाकीच्यांकडेही गेली. त्यांच्याकडे कीड कमी होती, त्यांचं निभावलं. आपलं नशीब. आता बाहेर काय माहीत आहे? गाडी उन्हात राहिली. लोक ड्रायव्हरला दोन शिव्या देतील आणि पुढच्या वेळी डबा न्यायला स्वतः येतील. पण इथूनच मेलेली कार्डं गेली, आणि वर नळी बदलली, हे कळलं तर? पुन्हा कुणी कार्ड लावेल? एकेकाच्या दारात बसून पंप खाली ठेवायला लावलाय आपण. तुम्हीही लावलाय. सगळे पुन्हा पाठीला लावतील. तुमची बहीणसुद्धा."

"ती लावून मोकळी झाली," पाखरूबाई म्हणाली.

मॅडमचा आवाज खाली आला. "मला आवडतंय असं समजू नका. पण एवढ्या शेतांवर पुन्हा विष पडणार, ते कशासाठी? आपलं मन हलकं व्हावं म्हणून?"

"आणि भोंपू?"

"त्याला मी वाऱ्यावर सोडणार नाही. माझ्या मावसभावाचं गोदाम आहे, तिथे गाडी चालवेल. मी आजच बोलते. त्याचं काही बिघडणार नाही."

"त्याला वाटत राहील."

"काय?"

"की त्याने केलं."

"विसरेल हो. माणसं विसरतात. आणि डबा उन्हात ठेवला होताच ना त्याने? ती तर काही तुम्ही रचलेली गोष्ट नाही." मॅडमनी टेबलावरून हात पुढे करून तिच्या मनगटावर ठेवला. "उद्यापासून तुम्ही पतंगांच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. पॅकिंगला बसा. खोलीसाठी मी दुसरं कुणी बघते. आणि डॉक्टरकडे मी येते तुमच्याबरोबर. नियम माझा आहे, मी बदलीन."

तो हात उबदार होता. पाखरूबाईला आपल्या छातीतलं काहीतरी सैल होताना जाणवलं. किती महिने तिला एवढंच हवं होतं. पूड नको, लपवाछपवी नको, आणि हे दार आपल्यावर बंद व्हायला नको. सगळं मिळालं होतं, ओरडा न खाता, डोळ्यांतून पाणी न काढता. श्वास खोलवर आत गेला, शीळ न वाजवता. तेवढ्या एका श्वासापुरतं तिला खरोखरच बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं कळताच तिचे कान तापले. सुट्ट्यांतही तिला असंच बरं वाटलं होतं.

बाहेर भोंपूने चाकांवर पाणी मारलं. मग खाली बसून, बोटाला फडकं गुंडाळून, गाडीच्या मागच्या बाजूला डबा ठेवायची जी फळी होती तिच्या सांदीकोपऱ्यांतली घाण काढू लागला. ती फळी आजवर कुणी कधी पुसली नव्हती. पुसून झाली की तो तिच्यावर तळहात ठेवायचा, थोडा वेळ तसाच धरायचा, उन्हाने ती किती तापते हे बघत असावा तसा, आणि मग हात काढून पुन्हा पुसायचा.

"तर ठरलं मग," मॅडम म्हणाल्या. "बसा, मी चहा सांगते. तुमचा चेहरा बघा कसा झालाय."

पाखरूबाईने आपलं मनगट हळूच सोडवून घेतलं. गळ्यातलं भिंग काढून टेबलावर ठेवलं, आवाज होणार नाही असं.

"बाई? बाई, मी काय म्हणाले ते समजलं ना?"

समजलं होतं. मॅडमचं चुकत होतं असंही तिला म्हणता आलं नसतं. ती उठली, खुर्ची आत सरकवली, आणि अंगणाकडचं दार उघडून बाहेर, भोंपूकडे गेली.